हनुवटीखालचा चेंडू

शिडीनं चेंडू दिला. अगदी नीट, दोन्ही हातांनी, थोडं वाकून, आजारी माणसाच्या हातात औषधाची बाटली द्यावी तसा.

घेणारी मुलगी समोरच्या संघातली होती.

औषधांच्या गोदामातल्या बायकांचा बास्केटबॉल संघ आणि चादरी धुणाऱ्या लाँड्रीतल्या बायकांचा संघ यांचा सामना ऐन रंगात आला होता. कुणाचा तरी नेम चुकला, चेंडू रिंगच्या कडीवर आपटून उडाला. खालच्या सगळ्या जणी टाचा उंचावून, माना ताणून वर बघत होत्या. गोदामाच्या संघातल्या, सगळ्यांत उंच शिडीनं नुसते हात वर केले आणि माळ्यावरचा डबा उतरवावा तसा तो उतरवला. तोवर सगळं झकास. मग तिनं तो छातीशी आणला, कमरेत वाकली, आणि समोर कुरळ्या केसांची, गोबऱ्या गालांची एक मुलगी हात पुढे करून म्हणाली, "ताई..."

झालं. दिला तिनं.

मुलगी इतकी चकित झाली की क्षणभर चेंडू हातात घेऊन तशीच उभी राहिली. बहुतेक आभार मानावेत की काय, असं तिला वाटलं असावं. मग भानावर येऊन ती जी पळत सुटली, ती थेट पलीकडच्या रिंगखाली. बाकड्यांवर बसलेल्यांतून कुणीतरी ओरडलं, "ओ ताई, इकडं पण एक द्या!" आणि सगळं सभागृह पोट धरून हसलं.

शिट्टी वाजली. संघाच्या मार्गदर्शक मॅडमनी शिडीला बाहेर बोलावलं. या मॅडम म्हणजे गोदामातल्या पॅकिंग विभागाच्या प्रमुख. तरुणपणी त्या चांगल्या खेळाडू होत्या, आणि उंचीनं म्हणाल तर शिडीच्या खांद्यालाही लागत नव्हत्या. गळ्यात कायम शिट्टी. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा.

"ओळखीची होती का ती?" मॅडमनी विचारलं.

"नाही हो."

"मग दिलात का?"

शिडीनं खरंच विचार केला. "मागितला तिनं."

मॅडमनी डोळे मिटले, उघडले. "पुढचा सामना पंधरवड्यानं आहे. तेव्हा चेंडू असा खाली आणलात की तुम्ही बाहेर. मग लोडिंगमधली ती पोरगी खेळेल. तुमच्यापेक्षा वीतभर बुटकी आहे, पण तिच्या हातातून कुणाला पेनसुद्धा मिळत नाही."

सगळ्यांना वाटलं, आता ही रडणार. शिडी रडली नाही. पण संघातली जागा जाणं म्हणजे काय हे तिचं तिलाच माहीत होतं.

शिडी हे नाव गोदामानं दिलेलं. तोंडावर सगळे ताई म्हणत, पाठीमागे शिडी, आणि तिला ते ठाऊक होतं. लहानपणापासून ती अशीच. वर्गात शेवटचा बाक तिचा. बाकीच्यांना फळा दिसावा म्हणून. फोटोत पुढे जमिनीवर गुडघे दुमडून बसायचं. बाकीचे दिसावेत म्हणून. लग्न जमता जमेना. शेवटी दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका बुटक्या, हसऱ्या माणसानं होकार दिला आणि मित्रांना सांगितलं, "चला, आता भाड्याची शिडी नको." हा विनोद त्यानं तिला पहिल्याच महिन्यात सांगून टाकला. ती हसली. मग एका पाटीच्या वरच्या कोपऱ्यातलं फूल तिनंच रंगवलं.

पण सरळ उभं राहायला जगात जागा नव्हती. घरचा ओटा बुटका, मोरीचा नळ बुटका. आरशात कपाळ कापलेलं. बसमधली दांडी बरोबर भुवईवर. माणसं बोलायची तर हिनंच मान खाली घालायची, नाहीतर समोरचा म्हणायचा, "ताई, ऐकताय ना?" गोदामात तिला घेतलं तेच मुळी वरच्या फळ्यांसाठी. "ताई, तो वरचा खोका," "ताई, कापसाचं ते मागचं बंडल," असं दिवसभर.

गेल्या वर्षी कामगारांच्या सामन्यांसाठी संघ काढायचा ठरला, तेव्हा उंच बाई हवी म्हणून तिला धरून आणलं. चेंडू तिनं जन्मात हातात घेतला नव्हता. गोदामामागच्या अंगणात नवऱ्यानंच पांढऱ्या रंगाच्या रेषा ओढल्या होत्या. त्या रेषांच्या आत मॅडमनी तिला उभं केलं आणि म्हणाल्या, "सरळ. अजून. अजून आहे का? असेल तर तेही काढा बाहेर."

आजवर तिला हे कुणीच म्हटलं नव्हतं. त्या संध्याकाळी ती घरी गेली ती पाठ ताठ करूनच, आणि दाराची चौकट खाडकन कपाळावर बसली. तरी तिला हसूच येत होतं.

म्हणून ती जागा जायला नको होती.

तिची जागा म्हणजे पोस्ट. रिंगच्या अगदी जवळ, रिंगकडे पाठ करून उभं राहायचं. आपल्या जणी लांबून चेंडू फेकतात, तो धरायचा आणि मग एकतर वळून टाकायचा, नाहीतर मोकळ्या असलेल्या सोबतिणीला द्यायचा. ऐकायला सोपं. पण चेंडू हातात आला की चारी बाजूंनी बुटक्या, चपळ बायका धावून येतात. त्यांचा सगळा जीव त्या चेंडूवर.

लाँड्रीशी झालेल्या सामन्याच्या संध्याकाळी बसमध्ये शिडी आपल्या हातांकडे बघत बसली. तिला लाज कमी वाटत होती आणि नवल जास्त. हात माझे, हाडं माझी, मग हे मला न विचारता निघाले कसे? कुणाच्या सांगण्यावरून?

दुसऱ्या दिवसापासून तिनं आपल्याच हातांवर पाळत ठेवली. खोका वरून काढला की हात त्याला छातीशी आणत. मग कंबर वाकायची. मग हात पुढे. मागणारा बोलायच्या आतच. एकदा तर मागणारं कुणीच नव्हतं. तिनं स्वतःसाठीच पुसायच्या कापडांचं पुडकं काढलं, छातीशी आणलं, वाकली, पुढे केलं, आणि फळ्यांमधल्या रिकाम्या बोळात एकटीच पुडकं धरून उभी राहिली. मागच्या बोळातून जाणाऱ्या झाडूवालीनं विचारलं, "कुणाशी बोलताय?"

मग तिला उलटं करून बघायची हुक्की आली. बिलं करणारे भाऊ सलाइनचा खोका घ्यायला आले. तिनं तो काढला आणि हनुवटीखाली धरून तशीच उभी राहिली. भाऊंनी हात पुढे केले. खोका येईना. हात हळूहळू खाली गेले, पुन्हा वर आले.

"ताई, राग आलाय का कसला?"

"नाही हो. बघतेय."

"काय?"

"तुम्ही हात किती वेळ पुढे ठेवता ते."

भाऊ त्या दिवसापासून स्टूल घेऊन येऊ लागले.

घरी सासूबाई दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असत. गुडघे गेलेले, पण डोळे आणि जीभ शाबूत. सुनेला हातांकडे बघत बसलेलं त्यांनी दोन-तीनदा पाहिलं आणि त्यांना राहवेना.

"काय गं, मेंदी काढायचीय का?"

शिडीनं सगळं सांगितलं. चेंडू, कुरळ्या केसांची मुलगी, मॅडमचा दम. सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

"एवढं शोधत काय बसलीस? मला विचारायचंस. मी या खुर्चीतून दुसरं करते काय?" त्यांनी पाणी पिऊन ग्लास बाजूला ठेवला. "वरचं जे काही आहे ते सगळं दुसऱ्याचं, असं तुला वाटतं. तुझ्या हाती आलं तरी ते आणून देण्यापुरतंच. माझी गोळ्यांची डबी वरच्या फळीवर का आहे, सांग."

"मुलांचा हात पोचू नये म्हणून ना?"

"मुलं शिकायला परगावी गेली, कधीच. मी तिथंच ठेवायला लावते. तू काढून देतेस ना, मग बरं वाटतं." आणि मग लगेच, बोलण्यात भलतंच काही निघून गेल्यासारखं वाटून, "आण तो कोबी इकडं."

कोबी चांगला मोठा, घट्ट होता. सासूबाईंनी तो खुर्चीतून फेकला, शिडीनं धरला. तो छातीशी आला मात्र, सासूबाईंची काठी फटकन कोबीवर बसली आणि तो ओट्याखाली गडगडत गेला.

"आई!"

"पुन्हा."

असा तो कोबी रोज संध्याकाळी मार खाऊ लागला. काठी कमरेखाली वाट बघायची. शिडी कोबी धरून हनुवटीखाली ठेवायची, कोपरं बाहेर काढायची; सासूबाई मग गोड आवाजात म्हणायच्या, "दे गं बाळ," "बघू जरा," "जड झालं असेल ना?" कोबी एक बोट जरी खाली घसरला तरी काठी यायची. नवरा एकदा कामावरून लवकर आला. दारातच थबकला, दोघींकडे बघितलं, कोबीकडे बघितलं, आणि "मी जरा चौकात जाऊन येतो," म्हणून परत फिरला. नंतर भाजी वाढताना सासूबाईंनी मुलाला सांगितलं, "नीट खा, सरावातला आहे."

अंगणात मॅडम वेगळा सराव घेत. चेंडू डोक्यावर धरून बोटांच्या टोकांनी या हातातून त्या हातात टकटक उडवायचा, तळहात लावायचा नाही. मग कमरेभोवती फिरवायचा, मग गुडघ्यांभोवती. शिडीच्या हातून तो सारखा निसटायचा आणि अंगणाच्या नाल्यात जायचा.

"चेंडूकडे बघू नका," मॅडम म्हणत. "बोटांना कळू द्या तो कुठे आहे. डोळे तुम्हाला दुसऱ्या कामाला लागणार आहेत."

"कोणत्या?"

"आधी बोटं शिकवा. मग सांगते."

आणि कोपरं. शिडीला कोपरं बाहेर काढायचीच भीती. एवढे लांब हात. बसमध्ये, रांगेत, स्वयंपाकघरात जन्मभर त्यांना अंगाशी बांधून ठेवलेलं.

"कुणाला तरी लागतील हो."

"लागू द्यायची नाहीत. पण लागतील असं वाटलं पाहिजे." मॅडम तिच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. "हे बघा, मी आयुष्यभर तुमच्यासारख्या उंच बायकांचे चेंडू काढले. तेच माझं काम. चेंडू कुठून काढायचा, मला विचारा. कमरेशी आला की माझा. टप्पा मारलात की माझा. तुमच्या गुडघ्याखाली आमचं राज्य आहे, तिथं कशाला येता? टप्पा मारायचाच तर एक, दोन्ही हातांनी, स्वतःच्या पायांच्या मधोमध, जोरात, आणि परत हनुवटीखाली. तिथं मात्र मी कितीही उड्या मारल्या तरी..." त्यांनी उडी मारून दाखवली. हात शिडीच्या कोपराला घासून खाली आला. "बघा. नाही ना मिळाला?"

शिडीला हे फारच नवलाचं वाटलं. चेंडू लपवला नव्हता, पळवला नव्हता. नुसता जिथं होता तिथं ठेवला होता.

पंधरवड्यानं सामना झाला तो बेकरीच्या बायकांशी. शिडीची कीर्ती तिच्या आधी तिथं पोचली होती. खेळ सुरू व्हायच्या आधीच त्यांच्यातली एक दुसरीला कोपरानं ढोसून म्हणाली, "तीच का गं? देणारी?"

"तीच. नुसतं ताई म्हणायचं."

गोदामाच्या संघाच्या बाकावर लोडिंगमधली पोरगी बसली होती. दंड भरलेले, चेहरा मख्ख.

पहिला चेंडू शिडीकडे आला तसा चौफेर एकच गजर झाला. "ताई!" "ओ ताई, इकडे!" "ताई, द्या ना!" शिडीच्या कमरेत काहीतरी सैल झालं, तिला स्वतःलाच जाणवलं. हात छातीकडे निघालेसुद्धा होते. तिनं त्यांना वाटेतच पकडलं. चेंडू हनुवटीखाली, कोपरं बाहेर. एक मुलगी येऊन कोपराला आपटली आणि "आई गं" म्हणत मागे झाली. शिडी सवयीनं "लागलं का हो?" म्हणाली, पण चेंडू हलला नाही.

"ताई! ताई, इकडे! अहो ताई!"

हा आवाज जास्तच काकुळतीचा होता. शिडीनं दात घट्ट आवळले आणि चेंडू आणखी दाबून धरला. देणार नाही म्हणजे नाही.

पंचांची शिट्टी वाजली. रिंगखालच्या त्या रंगीत चौकोनात तीन सेकंदांपेक्षा जास्त उभं राहायचं नसतं. चेंडू बेकरीकडे गेला.

भिंगरी धापा टाकत आली. भिंगरी म्हणजे गोदामाच्याच संघातली, लेबलं चिकटवणारी, सगळ्यांत चपळ मुलगी. "ताई, मी होते! मी! समोर मोकळी उभी होते!"

"तू ताई म्हणालीस."

"मग काय म्हणू? मी आपल्यातली आहे हो!"

"सगळ्याच ताई म्हणतात गं," शिडी कळवळून म्हणाली. "मला काय कळणार?"

भिंगरीला हसू आवरेना. बाकावर मात्र कुणी हसलं नाही. मॅडमनी लोडिंगवालीला काहीतरी सांगितलं आणि ती उठून अंगातला कोट काढू लागली. एक बाही निघाली. शिडीनं ते पाहिलं. आता एकच चेंडू, फार तर दोन, हे तिला मॅडमनी न सांगताही समजलं.

मॅडम रेषेपाशी आल्या. ओरडल्या नाहीत. "बोटं शिकली तुमची," म्हणाल्या. "आता डोळे वापरा."

पुढचा चेंडू उंच आला. शिडी त्याला सामोरी गेली, दोन्ही हातांनी घेतला, हनुवटीखाली धरला. पुन्हा तोच गलका, ताई, ताई. पण या वेळी तिनं कान तिकडे सोडून दिले आणि मान वळवली. आधी एका खांद्यावरून, मग दुसऱ्या.

आणि तिला दिसलं.

सगळं दिसत होतं. इतकी वर्षं ती खाली वाकून एकेका चेहऱ्याकडे बघत आली होती. इथं सगळ्यांची डोकी तिच्या नजरेखाली होती. कुणाची कुठं धाव आहे, कोण पाय घसरून सावरतेय, कुणाची वेणी सुटलीय. पाठीला टेकून जोर लावणारी बेकरीवाली डावीकडे जास्त झुकलीय, म्हणजे उजवी बाजू मोकळी. भिंगरी कोपऱ्यात आहे, पण तिच्यासमोर दोघी. आणि रिंग ही एवढी जवळ. जाळीच्या दोऱ्याची एक गाठ उसवलीय हेही तिला दिसलं. घाई कसली? असं तिच्या मनात आलं, आणि तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. चेंडू इथं आहे तोवर तो माझाच आहे की.

ती उजवीकडे वळली आणि चेंडू वर टाकला.

तो कडीवर बसला, गोल फिरला, अगदी विचार केल्यासारखा थांबला आणि बाहेर पडला. सगळ्या जणी झेपावल्या. शिडीनं हात वर केले, तो उतरवला आणि खाली आणलाच नाही. जिथं धरला तिथूनच परत वर. आत गेला. जाळीतून खाली आलेला चेंडू कुणाच्या तरी डोक्यावर पडला.

त्यानंतरचा एक चेंडू तिनं वळून टाकायच्या ऐवजी थांबून, बघून, सगळ्यांच्या डोक्यावरून भिंगरीला दिला. भिंगरी त्या वेळी काहीच म्हणाली नव्हती. ती नुसती मोकळी होती. एक चेंडू हातातून गेलाही. बेकरीची एक नखरेल मुलगी खालून आली आणि टप्पा मारता मारता घेऊन गेली. "टप्पा!" मॅडम कपाळावर हात मारून ओरडल्या. "कशाला गेलात आमच्या राज्यात?"

लोडिंगवालीचा कोट मात्र एका बाहीवरच लटकत राहिला. शेवटी तिनं कंटाळून तो परत घातला.

सामना गोदाम हरलं, थोडक्यात. बेकरीच्या बायका जाताना पाव वाटून गेल्या, त्यामुळे हरल्याचं कुणाला फार लागलं नाही. शिडी बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. कोपरं ठणकत होती. मॅडम समोर येऊन उभ्या राहिल्या; शिडी बसलेली असल्यामुळे दोघींची तोंडं आता एका उंचीवर आली होती.

"सगळं उजवीकडूनच केलंत," मॅडम म्हणाल्या. "बेकरीवाल्यांना दुसऱ्या अर्ध्यात ते कळलं. पुढच्यांना आधीच कळलेलं असेल. सोमवारपासून डावा हात."

"म्हणजे सोमवारी यायचं?"

"मग काय, हात एकटाच पाठवताय?"

मॅडम शिट्टी फिरवत निघून गेल्या. शिडीनं डावा हात वर करून उजेडात धरला. पालथा केला, उलटा केला, बोटं हलवून बघितली. उजव्याएवढाच लांब होता की.

"भिंगरे," तिनं पाव खाणाऱ्या पोरीला विचारलं, "हा इतके दिवस काय करत होता गं?"